चाळीस दिवसांच्या वड्या

बेटेगाव, बोईसर
रविवार, ता. ५ जानेवारी २०२५, सकाळी सव्वासहा. रात्रपाळी करून आलो आहे, स्टोव्हवर शिकेकाई उकळत ठेवली आहे आणि एक डोळा तिच्यावर ठेवून लिहीत आहे.

ती. शालूआत्यास,
धीरजचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र अंकुशने काल नाक्यावर टेम्पो थांबवून दिले. दोनदा वाचले. तुला ऐकू येत नाही म्हणून फोन नको, आणि भावेशदादाच्या मोबाईलवर निरोप टाकला तर तो सगळ्या घरासमोर ओरडून सांगतो म्हणून तेही नको, हे मला पटते. आपले पत्रच बरे.

दिवाळीनंतर तुझ्या डाव्या अंगावरून वारे गेले, तेव्हापासून रूपलवहिनी तुझे केस धुते. शिकेकाई भिजवायची, उकळायची, गाळायची, मग कमरेपर्यंतच्या केसांतून चोथा वेचत बसायचे. यात तिचा रविवार जातो आणि तू ओशाळतेस. भावेशदादा म्हणतो की मानेपर्यंत कापून टाकू, हलके होईल. तू लिहिलेस की हात गेला तो गेला, केस अजून माझे आहेत. आणि विचारलेस की शिकेकाईची साबणासारखी वडी होते का, जी एका हातात धरून डोक्यावर फिरवता येईल.

होते, आत्या. आमच्या चाळीतल्या बायकांच्या बचत गटाने शिबिर घेतले होते, त्याचा छापील कागद मी मागून आणला आहे. खोबरेल आणि एरंडेल एकत्र करायचे, त्यात कॉस्टिक सोडा विरघळवून ओतायचा आणि दाट होईपर्यंत घोटायचे. साध्या पाण्याऐवजी मी शिकेकाई, रिठा आणि जास्वंदीच्या पानांचा काढा गार करून घेणार आहे. जर्मनचे म्हणजे ॲल्युमिनियमचे भांडे चालत नाही, कॉस्टिक ते खाऊन टाकते, म्हणून स्टीलचे घेतले. कॉस्टिक आमच्या कंपनीत पोत्यांनी पडलेले असते, पण तिथून चिमूटभरही आणलेले नाही. दुकानातून विकत घेतले, पावती ठेवली आहे. माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या मिथुनच्या मनगटावर कॉस्टिक उडाल्याची रुपयाएवढी खूण आहे. ती बघूनच मी हातमोजे आणि चष्माही घेतला. तो हसतो आणि विचारतो की ब्यूटी पार्लर कधी उघडणार.

दोन गोष्टी पाठव. आपल्या वाडीतल्या नारळांचे दीड किलो तेल आणि विहिरीच्या पाण्याची एक बाटली. शिरगावचे पाणी मचूळ. वडी इथे फेसाळली आणि तुझ्या पाण्यात नुसती निसटत राहिली, तर काय उपयोग? आधी तुझ्याच पाण्यात बघतो.

तुझा लोभ मी लहानपणापासून फुकट वापरत आलो आहे, तो तसाच चालू ठेवावास.

तुझा,
धीरज

ता. क. कॉस्टिक ९०, एरंडेल १६०, शिकेकाई वगैरे ७०, हातमोजे व चष्मा १४०. एकूण ४६० रुपये. तेलाचे तुझे देणे वेगळे. भाव कळव.


शिरगाव
गुरुवार, ९ जानेवारी

चि. धीरज यास शालूआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तेल दोन किलो पाठवलं हाय, घाण्यावरून ताजं आणवलंय. पाण्याच्या बाटलीवर कागद चिकटवलाय, नायतर तुझा तो मिथुन गटागटा पिऊन बसायचा.

पत्राखालचा हिशेब रूपलला वाचून दाखवला. ती म्हणते, भावोजींचं लगीन जमवायला जाऊ तर ते मुलीचीपण पावती मागतील. हसून हसून माझा चष्मा पडला.

तेलाचा भाव विचारतोस तर सांगते. वड्या झाल्या की तू यायचं, विहिरीजवळच्या धोंड्यावर मला बसवायचं नि माझं डोकं धुवायचं. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. त्याच धोंड्यावर बसवून मी तुला न्हाऊ घालायची. शिकेकाई डोळ्यात गेली की असा बोंबलायचास, किल्ल्यापलीकडे ऐकू जायचं. तेव्हा मला कान होते. तेव्हा एक न्हाणं, एवढाच माझा भाव. पैसे पाठवलेस तर अंकुशच्या हाती परत येतील.

भावेशवर राग धरू नको. तो वाईट नाय. रूपल दिवसभर पालघरला शिलाईच्या मशिनवर बसते, घरी येऊन माझं करते, तिची दगदग त्याला बघवत नाय. होळीपर्यंत थांबतो म्हणालाय. होळी झाली की उन्हाळा, मग कात्री. मी बरं म्हटलं. तुझ्या भरवशावर म्हटलं हाय. घाबरू नको, पण ध्यानात ठेव.

वेळेवर जेवत जा. लोभ हायच, तो कुठं जातो पळून.

तुझी आत्या


बेटेगाव
शुक्रवार, ता. २४ जानेवारी, दुपारी पाऊण. डोक्याला खोबरेल थापून बसलो आहे.

ती. शालूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आधी लिहितो. पहिल्या सहा वड्या फुकट गेल्या.

१२ तारखेला केल्या. दिसायला सुरेख होत्या, चॉकलेटी, कडक. तुझ्या बाटलीतल्या पाण्यात घासून बघितली तर फेस मावेना. खोबरेलाचा साबण मचूळ पाण्यालाही जुमानत नाही, हे खरे निघाले. मला इतका आनंद झाला की आठव्या दिवशीच मी त्यातल्या एका वडीने डोके धुतले. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी आग सुरू झाली. आता उजव्या कानामागे दोन बोटे जागा लाल आहे आणि तिथले केस काथ्यासारखे तुटून हातात येतात.

चूक शोधली. माझ्याकडे काटा नव्हता, म्हणून नाक्यावर भाजी विकणाऱ्या सोमीचा आणला होता. तिने विश्वासाने दिला. पण तो दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो. वांग्यांत ते कोणाला कळत नाही. कॉस्टिकमध्ये कळते. ते जास्त पडले आणि मी वड्या मुरूही दिल्या नाहीत.

माझ्या डोक्यावर झाले ते बरेच झाले. हेच मी तुला पाठवले असते तर? कालपासून तेच तेच डोळ्यांसमोर येते. आता सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा काटा घेतला आहे. पुढच्या वेळी सगळे तीनदा मोजीन आणि वड्या भरपूर दिवस सुकवीन. होळीच्या आत होईल. नक्की होईल.

एवढे करूनही लोभ उरला असेल तर तो असू द्यावास.

धीरज


शिरगाव
मंगळवार, २८ जानेवारी

चि. धीरज यास आशीर्वाद.

कान कसा हाय ते आधी लिही. खोबरेल नको थापू, कोरफडीचा गर लाव.

अरे, तीनशे माणसांचं जेवण करणाऱ्या बाईचापण भात कधीतरी करपतो. सहा वड्या गेल्या, तू हायस ना? मग झालं. तू लहानपणापासून असाच. पाटीवर एक अक्षर चुकलं तर सगळी पाटी पुसायचास.

एकदा येऊन जा, डोकं दाखव. बोईसरहून तासाभराचा रस्ता. कोणी समुद्र ओलांडायला सांगत नाय. वडी हातात नसली तरी चालेल. आमी काय वडीसाठीच तुला ओळखतो होय?

रूपलने वालाचं बिरडं केलं की तुझं नाव निघतं. ये.

आत्या


बेटेगाव
बुधवार, ता. १२ फेब्रुवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. अंकुशचा टेम्पो नऊला येईल, खोक्यात वड्या रचतो आहे.

ती. शालूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कानामागची जागा बरी आहे. कोरफड लावली.

रविवारी २ फेब्रुवारीला दुसऱ्या वड्या केल्या. खोबरेल ७०० ग्रॅम, एरंडेल २००, कॉस्टिक १४६, काढा ३००. प्रत्येक वजन तीनदा केले, चौथ्यांदा मिथुनकडून करवून घेतले. कॉस्टिक मी ओतताना तो दाराबाहेर उभा राहून मला हिंदीतून धीर देत होता. बारा वड्या पडल्या. अकरा तुझ्याकडे पाठवतो, एक तपासायला माझ्याकडे ठेवतो.

तयार नसताना पाठवतो, कारण इथे सगळ्या हवेला कंपन्यांचा वास आहे आणि तो वड्यांना लागतो. तुझ्या पडवीत समुद्राचा वारा येतो, तिथे सुपात अंतर ठेवून मांड. ऊन लागू देऊ नकोस. रोज एकदा प्रत्येक वडी उलट. एका हाताने जमेल तेवढेच, नाहीतर वहिनीला सांग.

आणि हे सगळ्यांत महत्त्वाचे. चाळीस दिवस पुरे होईपर्यंत एकही वडी डोक्याला लावायची नाही. तुझ्याही नाही, वहिनीच्याही नाही. चाळीस दिवस १४ मार्चला भरतात, धुळवडीच्या दिवशी. दादाची मुदत होळीची आहे, त्याला एक दिवस वाढवून माग. त्या दिवसाची रजा मी आत्ताच लिहून दिली आहे. सकाळीच येईन, तुझे डोके धुवीन, तेलाचा भाव चुकता करीन आणि जेवून परत येईन. मध्ये यायला सांगतेस, पण रजा दोनच उरल्या आहेत. आणि रिकाम्या हातांनी येऊन तुझ्यासमोर बसायला मला संकोच वाटतो.

छापील कागदापेक्षा दिवस मी जास्तच धरले आहेत, तेव्हा काळजी करू नकोस.

लोभ सुपात ठेवू नकोस, तो मुरलेलाच आहे.

धीरज


शिरगाव
बुधवार, १९ फेब्रुवारी

चि. धीरज यास आशीर्वाद.

तुझी अकरा बाळं पोचली. सुपात निजवली हायत. चाळीस दिवस म्हणजे सवा महिनाच की रे! बाळंतिणीला पाळतात तसा वड्यांचा सवा महिना पाळणारा तूच पहिला. बारसं कधी ते कळव, घुगऱ्या करते.

सकाळी चहा झाला की मी पडवीत बसते नि एकेक उलटते. रूपलला हात लावू देत नाय. दिवाळीपासून मला घरात कोणी काम सांगितलं नव्हतं. भाजी निवडायला घेतली तरी हातातून काढून घेतात. तू सांगितलंस, बरं वाटलं. एका वडीचा कोपरा चेपलाय, ती मी माझ्यासाठी राखून ठेवलीय.

शेजारची राहीबाई आली, गूळ समजून तुकडा मोडायला निघाली. मी काठी उगारली. तेव्हापासून सांगत सुटलीय की शालू गुळावर नागीण होऊन बसलीय.

भावेशने एक दिवस वाढवून दिला. म्हणाला, एका दिवसाने काय होतंय.

अक्षर वाकडं येतं हाय. चष्म्याचा दोष समज.

चाळिसाव्या दिवशी ये, पण त्याच्या आत आलास तर हाकलणार नाय.

आत्या


शिरगाव
शुक्रवार, २८ फेब्रुवारी

धीरजभावोजींस,
रूपलचा नमस्कार.

आईंनी सांगितले ते लिहिते आहे. पेन बोटांतून गळते म्हणून चिडून त्यांनी ते माझ्याकडे दिले. त्या सांगतात ते असे:

शिवरात्र झाली. मागच्या रविवारपासून डोकं धुतलेलं नाय, कारण रूपल तापाने निजून होती. फार खाजतं. राहीबाईच्या नातीचा साखरपुडा रविवारी हाय नि मला खुर्चीवर बसवून नेणार म्हणतात. चार माणसांत चिकट केसांनी बसायला नको वाटतं. चेपलेल्या कोपऱ्याच्या वडीला काल रूपलने जीभ लावून बघितली, तिला चरचरलं नाय. मग मीपण लावली. मलापण नाय. तू म्हणशील तर रविवारी त्या एकाच वडीने न्हाते. तू म्हणशील तरच. बाकी दहा तुझ्या चाळीस दिवसांना ठेवते.

हे आईंचे झाले. आता माझे दोन शब्द. भावोजी, वडी कडक झाली आहे, हाताला पांढरे काही लागत नाही. मला तरी तयार वाटते. आई आता थकल्यासारख्या दिसतात. जेवण कमी झाले आहे. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या आहेत, घाबरण्यासारखे नाही म्हणाले. पत्र अंकुशकडे उद्या देते. उत्तर तुम्ही माझ्या मोबाईलवर पाठवले तरी चालेल, मी हळूच वाचून दाखवीन.

आपली,
रूपल


बेटेगाव
सोमवार, ता. ३ मार्च, सकाळी सात. पाळी संपवून आलो, अजून बूट काढलेले नाहीत.

ती. शालूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीने लिहिलेले पत्र मिळाले. रविवारी सकाळीच वहिनीच्या मोबाईलवर एका ओळीत नाही असे कळवले होते, ते तिने वाचून दाखवले असेल. एका ओळीत नाही म्हणणे बरे नव्हे, म्हणून सविस्तर लिहितो.

जिभेला चरचरले नाही, हे चांगले लक्षण आहे. पण पहिल्या वड्यांनी मला तिसऱ्या दिवशी भाजले होते. तुझे कातडे आता नाजूक आहे आणि एक बाजू बधिर आहे. तिथे आग झाली तरी तुला कळणारसुद्धा नाही. साखरपुड्याला पदर घेऊन गेली असशील. आता फक्त अकरा दिवस. इतके थांबलीस, तेवढे थांब. मी शब्द देतो की शुक्रवारी १४ तारखेला सकाळी साडेनऊला दारात असेन.

वड्या उलटत राहा. गोळ्या चुकवू नकोस.

रागावली असशील तर धोंड्यावर बसल्यावर रागाव, तोवर लोभ सांभाळून ठेव.

धीरज


शिरगाव
गुरुवार, २० मार्च

धीरजभावोजींस,
रूपलचा नमस्कार.

काल दहाव्याला तुम्ही आलात. घाटावर हे आणि तुम्ही शेजारी बसून मुंडण करून घेतले. जेवताना मान वर केली नाहीत आणि लगेच निघून गेलात. मला तुम्हाला एक सांगायचे होते, ते माणसांत सांगता आले नाही. म्हणून आईंच्या रीतीने पत्र लिहिते.

सोमवारी १० तारखेला सकाळी आईंनी चहा घेतला आणि पडवीत बसून वड्या उलटल्या. सात उलटून झाल्या होत्या. मी डबा भरत होते. सूप वाजले म्हणून बाहेर आले, तर त्या भिंतीला टेकल्या होत्या. डॉक्टर येईपर्यंत संपले होते. तुम्हाला किती वेळा फोन केला! मग समजले की पाळीत मोबाईल कपाटात ठेवून घेतात. चार वाजता तुमचा फोन आला आणि तुम्ही पोहोचलात तेव्हा किनाऱ्यावर अग्नी दिलेला होता. म्हणजे घरातले तुम्ही काहीच पाहिले नाही.

शेवटची आंघोळ घालताना राहीबाई म्हणाल्या की गेलेल्या माणसाला साबण लावत नाहीत, डोक्यावरून नुसते पाणी घाला. मी ऐकले नाही. पंधरा दिवस न धुतलेल्या केसांनी त्यांना पाठवायला माझे मन होईना. चेपलेल्या कोपऱ्याची वडी घेतली. ह्यांनी विहिरीचे पाणी स्वतः शेंदून आणले, पाच बादल्या. कात्री कात्री करणारे हेच, दाराआडून सांगत होते की नीट धू, घाई करू नको. फेस इतका आला की राहीबाईसुद्धा खाली बसून केस विंचरू लागल्या. चोथा नाही, चिकटपणा नाही. वाळल्यावर केस मोकळे सोडले. कापूस पिंजल्यासारखे पांढरे, कमरेपर्यंत. जमलेल्या बायका त्यांच्याकडेच बघत होत्या.

भावोजी, तुमच्या चाळीस दिवसांत चार दिवस बाकी होते. तुम्ही निक्षून लिहिले होते आणि मी मोडले. ते सारखे मनात येते. आईंनी स्वतः मोडले नाही. साखरपुड्यालाही त्या गेल्या नाहीत, बरे वाटत नाही म्हणून सांगितले. मी त्यांना म्हटले होते की वडी तयार आहे, गुपचूप धुते, भावोजींना कसे कळणार? तर म्हणाल्या, मलापण ठाऊक हाय ती तयार हाय. पण पोराचं डोकं एकदा भाजलंय, तो घाबरलाय. मी आधी न्हाले तर त्याला वाटेल त्याच्या शब्दाला किंमत नाय. अकरा दिवसांनी माझे केस झडत नाय. नि शिकेकाईपण नको, तू आत्ताशी तापातून उठलीस.

मी केले ते चुकले का, तेवढे लिहा. दहा वड्या अजून सुपात आहेत. उलटायचे माझ्याने होत नाही.

आपली,
रूपल


बेटेगाव
रविवार, ता. २३ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. खोलीत एकटाच आहे. समोर तुझे पत्र आणि विहिरीच्या पाण्याची बाटली आहे, तिच्यात चार बोटे पाणी उरले आहे.

ती. रूपलवहिनीस,
धीरजचा सा. न. वि. वि.

तुझे काहीही चुकले नाही. पहिले वाक्य तेच लिहायचे म्हणून तीन कागद फाडले, कारण त्याच्या पुढचे लिहायला हात होत नव्हता. आता लिहितो.

बचत गटाच्या कागदावर अठ्ठावीस दिवस छापले आहेत. चाळीस कुठेही नाहीत. अठ्ठावीसवर बारा मी माझ्या मनाने घातले. आत्याने थट्टेत सवा महिना म्हटले, ते खरेच होते. लहानपणी तिनेच सांगितले होते की सवा महिना पाळला की बाधत नाही. कागदापेक्षा ते मला जास्त भरवशाचे वाटले.

एवढेच असते तर मी स्वतःला समजावले असते. पण २ मार्चला अठ्ठावीस दिवस भरले. त्या रविवारी सकाळी तुला नाही कळवायच्या आधी मी माझ्याकडच्या वडीने डोके धुतले होते. इथल्या पाण्याने नाही, या बाटलीतल्या पाण्याने. केस हलके झाले, कानामागची जागासुद्धा शांत राहिली. मिथुनने केसांना हात लावून सांगितले की एकदम रेशीम. मी टॉवेल गळ्यात तसाच ठेवून तुला नाही असे पाठवले. मनात म्हटले, तीन दिवस बघू आणि मग कळवू. बुधवारी तीन दिवस झाले. काहीच झाले नाही. तेव्हा म्हटले की आता नऊच दिवस राहिले, रजा मंजूर आहे, ठरल्या दिवशी स्वतःच्या हाताने धुवू, मध्येच कशाला बदलायचे. आणि कळवलेच नाही.

आत्याला माझ्यामुळे काही होऊ नये, एवढेच मी बघत राहिलो. तिला काय हवे होते ते तिने प्रत्येक पत्रात लिहिले होते. ती ये म्हणत होती. बोईसरहून तासाभराचा रस्ता.

तू तिचे केस धुतलेस. पाच बादल्या पाण्याने, चोथा न राहता, घाई न करता. ते माझे काम होते आणि ते तू केलेस. दादालाही सांग की मी हे लिहिले आहे. त्याच्याविषयी माझ्या मनात जे होते ते आता नाही.

उरलेल्या दहा वड्या वापर. उलटायची गरज नाही, त्या केव्हाच तयार आहेत. दोन राहीबाईंना दे, एक अंकुशच्या घरी. माझ्या डोक्यावर आता केस नाहीत, त्यामुळे इथली अर्धी वडी तशीच पडून राहील. पाडव्याला मी येतो. हातात काही नसेल.

मी आत्याजवळ मागायचो ते आता तुझ्याजवळ मागतो. थोडा लोभ असू दे.

तुझा,
धीरज

हिशेब. पहिला खर्च ४६०, ग्रॅमचा काटा ३५०, खोका व कागद ४०. एकूण ८५० रुपये, सगळे चुकते.
देणे, अंकुश: टेम्पोच्या खेपा, तो घेत नाही, तरी ८० रुपये.
देणे, शालूआत्या: खोबरेल दोन किलो, भाव एक न्हाणे. बाकी.